मदत हवी आहे: ‘गमन’ सिनेमातला (१९७८) नाना पाटेकर नेमका कुठला?

मुरूडची जेट्टी
यंदा गणपतीत मंडळाच्या मांडवात ‘मुरूड-जंजिऱ्याचे कलावंत’ असा फलक लावायचा आहे. नानाचा जन्म इथलाच, १९५१चा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. ‘गमन’मधली छोटी भूमिका लोकांनी पाहिलेली नसते, त्यातलंच एक चित्र हवंय. फाइल १२८०×७२०ची आहे, बाजूला काळ्या पट्ट्या नाहीत.

गाडी दोन चेहऱ्यांवर अडली आहे. ‘अ’ टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात दिसतो, चेहरा रुंद. ‘ब’ दारात उभा आहे, केस कानांवर आलेले. ‘क्रांतिवीर’च्या फोटोशी ताडून पाहिलं, दोघेही बसत नाहीत. आवाजही ओळखीचा वाटत नाही. शनिवारी फ्लेक्स छपाईला जाणार. काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

रीळवाला
‘क्रांतिवीर’ १९९४चा. सोळा वर्षांनंतरच्या चेहऱ्याशी ताडलंत तर कोणीच बसणार नाही. तुलनेला ‘सिंहासन’ (१९७९) घ्या. त्यात नाना स्मगलरच्या छोट्या भूमिकेत आहे आणि दोन्ही सिनेमांत जेमतेम वर्षाचं अंतर. कृष्णधवल आहे म्हणून मागे सरू नका, कानाची घडी आणि कपाळावरची केसांची रेघ त्यात उलट जास्त ठसठशीत दिसते.

पण त्याआधी चित्र सरळ करा. त्या काळच्या सिनेमांच्या बऱ्याच व्हिडिओ प्रती ४:३च्या असतात. अपलोड करणारे त्या ताणून १६:९ करतात आणि सगळे चेहरे तेहतीस टक्के रुंद होतात. तुमच्या ‘अ’चा रुंद चेहरा मला तरी त्यातलाच वाटतो. बरोबर बाजूने दिसणारं टॅक्सीचं चाक शोधा, ‘गमन’मध्ये टॅक्स्यांना तोटा नाही. तिथे थांबवून स्क्रीनवर पट्टी ठेवा. चाक उंचीला ६० मिलिमीटर आणि रुंदीला ८० भरलं तर चित्र ताणलेलं आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ दाबत गेलात की चित्राच्या रुंदी-उंचीचं गुणोत्तर बदलतं, ४:३वर आणा. चाक गोल झालं की मगच चेहऱ्यांकडे वळा.

खाडीकाठ
त्याबरोबर चित्र आरशातलं नाही ना, तेही बघा. कॉपीराइटची यंत्रणा चुकवायला लोक अख्खा सिनेमा डावा-उजवा उलटा करून टाकतात. मग डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो, भांग फिरतो आणि आपण म्हणतो हा तो नव्हेच. टॅक्सीचं स्टीअरिंग उजवीकडे आहे का, दुकानाची पाटी सुलटी वाचता येते का, पदर डाव्या खांद्यावर आहे का, एवढं पुरे. उलटं निघालं तर व्हीएलसीत टूल्स, इफेक्ट्स अँड फिल्टर्स, व्हिडिओ इफेक्ट्स, जॉमेट्री; तिथे ट्रान्सफॉर्मला टिक करून फ्लिप हॉरिझॉन्टली.

मालवणी गजाली
कानांक बघा, केसांक नको! केस न्हावी बदलता, कान कोण बदलता?

रीळवाला
गजालींनी एका ओळीत सांगितलं. कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, आणि आतली घडी कशी वळते, हे दोन मुद्दे वयाने बदलत नाहीत. पाळी उतारवयात थोडी लोंबते एवढंच. अडचण सत्तरच्या दशकातली फॅशन, सगळ्यांचे केस कानांवर. म्हणून मान वळण्याचा क्षण शोधा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. हलत्या चित्रात कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ‘डी’ दाबा, नाहीतर कानाची कडा फाटलेली दिसते. विंडोजवर शिफ्ट आणि ‘एस’ने फ्रेम साठवता येते. दोन-तीन कोनांतून घ्या. एका फ्रेमवर कोणीही कोणासारखा दिसतो.

आवाज मात्र पुरावा म्हणून सोडून द्या. त्या काळी छोट्या भूमिकांना दुसऱ्याचा आवाज सर्रास लावत. शिवाय २४ फ्रेमचा सिनेमा टीव्हीसाठी २५ने चालवला की आवाज चार टक्क्यांनी चढतो. पेटीवर मोजलं तर एका पट्टीलाही कमी, पण ओळखीचा आवाज परका वाटायला तेवढा पुरतो.

चोपडीवाली
चेहऱ्यावर सगळा भार नको, कागदही बघा. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेल तर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला २७.४ मीटर धावते. समजा ३८०० मीटर आहे, तर सिनेमा साधारण १३९ मिनिटांचा, २५ फ्रेमने चालवला तर १३३. फाइल त्याहून बरीच आखूड निघाली तर काटछाट झाली आहे, आणि कात्री आधी छोट्या भूमिकांवरच चालते. मग अ आणि ब दोघेही चुकीचे असू शकतात.

श्रेयनामावलीही सबंध वाचा. ‘नाना’च शोधू नका, त्याचं कागदोपत्री नाव विश्वनाथ. रीमा लागू आधी नयन भडभडे होत्या, संजीवकुमार मूळचे हरिहर जरीवाला. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीत नावं पळवलेली असतात. तेव्हा थिएटरबाहेर मिळणारी गाण्यांची चोपडी कामाला येते, तिच्या आतल्या पानावर कलाकारांची नावं असतात. अशा चोपड्या पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत.

खाडीकाठ
जरा अवांतर. छोटी भूमिका शोधायची तर नट कुठे उभा असेल तेही ठरलेलं असतं. ‘सरफरोश’मध्ये (१९९९) नवाजुद्दीन चौकशीच्या खोलीत मार खातो, त्याच वर्षीच्या ‘शूल’मध्ये वेटर आहे. ‘सलाम बॉम्बे’त (१९८८) इरफान रस्त्यावर बसून पत्रं लिहून देतो. आपण नायकाच्या अवतीभवती शोधत बसतो आणि आपला माणूस चहा ठेवून निघून जातो.

मुरूडची जेट्टी
चाक बरोबर ८० बाय ६० निघालं! चित्र उलटं नाही, पाटी सुलटी वाचता येते. ४:३ केल्यावर ‘अ’ची पाळी गालाला चिकटलेली दिसते, ‘सिंहासन’मध्ये तशी नाही, तो बाद. ‘ब’चा कान तीनच फ्रेममध्ये उघडा पडतो. पाळी सुटी, आतली घडी जुळते, केसांची रेघही. प्रमाणपत्राची लांबी फाइलशी जुळली. चोपडी एका ओळखीच्या संग्राहकाकडे आहे, उद्या नावं बघतो. चित्र फ्लेक्सवर केवढं घेऊ?

रीळवाला
सरळ केल्यावर तुमची फ्रेम ९६०×७२०ची राहिली. फलक चार-पाच फुटांवरून बघणार असतील तर इंचाला ७२ ठिपके चालतात, म्हणजे रुंदी तेरा इंच. मी बारावर थांबलो असतो. रुंदी तीन फुटांपर्यंत ताणलीत तर कान राहणार नाही, चौकोन राहतील. छपाईवाला ‘क्लिअर करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, ती अॅपं हरवलेला तपशील मनाने भरतात आणि ज्या कानावर एवढा निवाडा केलात तोच नवा उगवतो.

चोपडीवाली
चित्राखाली ‘गमन, १९७८’ एवढंच लिहा. ‘पहिली भूमिका’ लिहायचंच असेल तर ‘पहिला प्रदर्शित चित्रपट’ असं लिहा. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रदर्शनाचा क्रम यांत फरक असू शकतो, आणि मांडवात कोणीतरी विचारणारच.