मदत हवी आहे : मुंबईजवळचं छोटं, छान गाव सुचवा, जिथून ऑफिस गाठता येईल

रातराणी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. घरमालक अॅग्रीमेंट रिन्यू करत नाहीये, त्याच्या मुलाला लग्नानंतर घर हवंय म्हणे, आणि आम्ही दोघांनी ठरवलंय की परत तसलंच खुराडं शोधायचं नाही. छोटं गाव हवंय, कौलारू घरं दिसावीत, नदी नाहीतर डोंगर असावा, भाजीवाल्याने नावाने हाक मारावी, पण तिथून मला ऑफिसला जाता यायला हवं. बजेट नॉर्मल. अनुभव असलेल्यांनीच लिहा प्लीज, आणि "शहर सोडू नका" हा सल्ला नको, तो माहेरून फुकट मिळतोय. महिनाअखेर घर रिकामं करायचंय.

मांडव्याचा_वारा
अलिबाग. डोळे झाकून. सकाळी मांडव्याला बोटीत बसायचं, वाऱ्यावर चहा घेत गेटवेला उतरायचं, लोकलचा घाम नाही, धक्काबुक्की नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो पण आहे, गाडी बोटीत घालून न्या. मी चार वर्षं हेच करतोय, आता कोणी फुकट दिलं तरी दादरला राहणार नाही.

फोर्टातला_कारकून
ताई, ऑफिस कुठे ते लिहिलंच नाही. फोर्ट, सीप्झ, बीकेसी? रोज म्हणजे सहा दिवस का? माणसं किती, भाड्याने की विकत? नॉर्मल बजेट म्हणजे माझं नॉर्मल की मांडवेवाल्यांचं नॉर्मल?

रातराणी
भाड्याने. आम्ही दोघं आणि सासरे. नवऱ्याचं काम घरून, मी आठवड्यातून तीन दिवस जाते. गावं सांगा ना, माझी मुलाखत कशाला.

पालघरकर
वारेसाहेब, गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात ते सांगायचं राहिलं वाटतं. रो-रो चालते, ती पण समुद्राचा मूड बघून. शिवाय मांडवा जेट्टी म्हणजे अलिबाग नव्हे, पुढे वीसेक किलोमीटर आहेच.
ताई, पश्चिमेला बघा. सफाळे, केळवे, नाहीतर थेट डहाणू. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, त्यामुळे कारखान्यांवर बंधनं आली आणि चिकूच्या वाड्या टिकल्या. इराणी-पारशी लोकांचे जुने बंगले, समोर समुद्र, सुरूची झाडं. तुम्ही लिहिलंय ते गाव हेच.

चर्चगेट_स्लो
डहाणू ते चर्चगेट १२४ किलोमीटर आहे हो. एका बाजूला अडीच तास. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, एक चुकली की फलाटावर बसून चिकूच खा. आणि तिकडे २०१८ च्या शेवटापासून भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, आता वाढवण बंदराचं काम आलंय. अजून दहा वर्षांनी ते शांत गाव राहील का बघा.

पालघरकर
दहा वर्षांनंतरचं कोणी विचारलंय? त्या भाड्याने राहणार आहेत. धक्के तलासरी-धुंदलवाडीकडे जास्त होते, किनाऱ्यावर लोक मजेत राहतायत.

सातबारा_उतारा
महत्त्वाचं सांगतो, कृपया सगळ्यांनी वाचा. अशा गावात "फार्महाऊस प्लॉट, स्टेशनपासून दहा मिनिटं" अशा जाहिरातींना भुलू नका. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकलेले असतात, नावावर होताना तुकडेबंदी कायदा आडवा येतो, मग सातबाऱ्यावर वीस जणांची सामाईक नावं. बिगरशेतीचा आदेश प्रत्यक्ष बघा, झेरॉक्स नको, फेरफार मागा, रस्ता नकाशावर आहे का बघा. आमच्या नात्यात एकाचे पैसे असेच अडकलेत, ब्रोकर आता फोन उचलत नाही.

रातराणी
काका, भाड्याने म्हटलंय.

सातबारा_उतारा
आज भाड्याने, उद्या घ्यावंसं वाटणारच. माहिती असलेली बरी.

जुना_पासधारक
कारकुनांचाच प्रश्न परत विचारतो, ऑफिस कुठे आहे? त्याशिवाय सगळी चर्चा हवेत.

रातराणी
ऐरोली. आयटीत आहे म्हटल्यावर अजून कुठे असणार.

फोर्टातला_कारकून
आयटीत आहे हेही आत्ताच कळलं. 😀

जुना_पासधारक
घ्या! म्हणजे अलिबाग बाद, डहाणू बाद, इतके प्रतिसाद पाण्यात. ऐरोली म्हणजे ठाणे गाठायचं आणि नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडायची, दहा मिनिटांत ऐरोली. तेव्हा ठाण्याला थेट येणारी लाईन बघा. दोनच आहेत, कल्याणच्या पुढे कर्जतची आणि कसाऱ्याची. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत एका फाट्यावर, टिटवाळा, वासिंद, आसनगाव दुसऱ्यावर.
माझं मत नेरळ. पंचवीस वर्षं त्या लाईनीवर पास काढलाय. कर्जतहून सुटलेली गाडी भिवपुरी करून नेरळला येते तेव्हा सकाळी बहुतेक बसायला मिळतं, बदलापूरला तीच गाडी उभं राहायला जागा ठेवत नाही. ठाण्यापर्यंत सव्वा तास, ऐरोलीत ऑफिसच्या दारापर्यंत दोन तास धरा. तीन दिवस जमून जाईल, सहा दिवस असते तर मीच नको म्हटलं असतं.

मांडव्याचा_वारा
अलिबाग बाद कसं? अलिबागहून गाडीने पनवेल, पनवेलहून ठाण्याची लोकल, ऐरोली वाटेतच लागतं.

जुना_पासधारक
अलिबाग-पनवेल रस्त्यावरच्या वडखळ नाक्याची कोंडी पावसाळ्यात पाहिलीयत ना? मग पुढे काही बोलत नाही.

बदलापूरची_मावशी
नेरळचं कौतुक पुरे. घरात म्हातारं माणूस आहे असं ताईंनी लिहिलंय, ते कोणी वाचलं का? रात्री बारा वाजता छातीत दुखलं तर नेरळहून न्यायचं कुठे, कल्याण नाहीतर पनवेल. बदलापूरला दवाखाने आहेत, शाळा आहेत, सगळ्या बँका आहेत, गाड्याही जास्त. आणि पूर्वेला जरा आत गेलात की डोंगर आणि कोंडेश्वरचा धबधबा. सीटचं म्हणाल तर आम्ही बायका डाऊन म्हणजे कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसून पुढून फिरून येतो, तेवढं जमवायचं.

नेरळची_सून
मावशी, बदलापूर आता गाव कुठे राहिलं, टॉवरच टॉवर झालेत. आणि उल्हास नदीचं काय? २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी काढली. नदी दिसणारं घर म्हणून भाडं जास्त मागतात आणि नदी दर चार-पाच वर्षांनी आत येऊन दाखवते.

बदलापूरची_मावशी
पश्चिमेच्या सखल भागात येतं. मी पूर्वेबद्दल बोलतेय. नेरळला काय नदी वेगळी आहे का, तीच उल्हास तुमच्याकडूनच खाली येते ना.

नेरळची_सून
येते, पण गाव जरा वर आहे. असो. रातराणी, मी इथे सात वर्षं आहे म्हणून जसं आहे तसं सांगते. पूर्वेला बाजारपेठ, माथेरानची गाडी सुटते ते स्टेशन, जुनी घरं अजून आहेत थोडी. शनिवार-रविवारी टॅक्सीवाले आणि टुरिस्ट यांच्यामुळे स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा बाजार शुक्रवारीच करून ठेवायचा. पाऊस म्हणजे पाऊस, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि चपलांना बुरशी येते. लाइट जाते, कधी अर्धा तास कधी चार तास, नवऱ्याचं घरून काम असेल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट घ्याच. भाजी मात्र सुंदर, पावसाळ्यात आदिवासी बायका टाकळा, शेवळं, कुर्डू घेऊन बसतात.

गिरीमित्र
माथेरानच का नाही? गाड्यांना बंदी, हवा स्वच्छ, १९०७ पासून रेल्वे आहे!

फोर्टातला_कारकून
ती रेल्वे २१ किलोमीटरला दोन तासांच्या वर घेते आणि पावसाळ्यात नेरळहून सुटतच नाही. बाईंना ऐरोलीला जायचंय, हनिमूनला नाही.

शहापूरचा_पाव्हणा
आमच्या आसनगावचं कोणीच बोलेना. घरभाडं कमी, समोर माहुलीचा किल्ला, शहापूरची बाजारपेठ जवळ. फक्त पाणी बघून घर घ्या. भातसा, तानसा, मोडकसागर तिन्ही धरणं आमच्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. हे मी लहानपणापासून बघतोय आणि प्रत्येक निवडणुकीत ऐकतोय.

रातराणी
एक सांगायचं राहिलं, सासऱ्यांना स्टेंट आहे, महिन्यातून एकदा ठाण्याला दाखवायला न्यावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे जिने अजिबात चढवत नाहीत.

जुना_पासधारक
आणि हे आत्ता सांगताय! मग लोकलने न्यायचा विचार सोडा, महिन्यातून एकदा टॅक्सीच करा. घर तळमजल्यावरच बघा, किंवा लिफ्टला बॅकअप आहे का ते विचारा. तळमजला असेल तर मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या वाण्याला विचारायचं, मालकाला नाही.

करीरोड_ते_कर्जत
नेरळपेक्षा कर्जत का नको? मूळ स्टेशन, हवी ती खिडकी मिळते. पनवेल-कर्जत लोकल मार्ग सुरू झाला की चौक, मोहपे, चिखले करत थेट पनवेल. दोन पर्याय हातात.

जुना_पासधारक
ऐरोलीसाठी पनवेलचा वळसा कोण घेईल. त्यापेक्षा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होऊ द्या, कल्याणकडची गाडी ठाण्याला न जाता वळेल. त्यातलं दिघा स्टेशन २०२४ ला सुरू झालं, पुढचं कळव्याचं घोडं पुनर्वसनात अडलंय. भविष्यातल्या गाडीवर विसंबून आजचं घर घेऊ नये.

करीरोड_ते_कर्जत
कर्जत स्टेशनवरचा वडा मिळतो रोज, तेवढंही पुरे आहे.

बदलापूरची_मावशी
तो वडा आता पूर्वीचा राहिला नाही.

करीरोड_ते_कर्जत
मावशी, बाकी काहीही बोला. घाट चढायला मागे इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबते, तेवढ्यात उतरून गरम वडा आणि सुकी लाल चटणी, यासाठी लोक पुण्याची गाडी निवडतात.

चर्चगेट_स्लो
चटणीत लसूण कमी झालाय, मावशींशी सहमत.

गिरीमित्र
+१ खोपोलीचा वडा जास्त चांगला.

सातबारा_उतारा
वड्यावरून आठवलं, नेरळ-कर्जत भागात माथेरानचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र लागू आहे, २००३ पासून. डोंगराच्या पायथ्याशी बांधकाम असेल तर परवानगी बघा. इरशाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून काय झालं सगळ्यांना माहीत आहे.

नेरळची_सून
वड्यावरून हे कसं आठवलं ते कळलं नाही, पण मुद्दा बरोबर आहे. भाड्याने असलं तरी उताराला चिकटलेली बिल्डिंग नको.

रातराणी
मंडळी, वड्याचा वेगळा धागा काढा. मला नेरळ की बदलापूर एवढंच सांगा.

जुना_पासधारक
सुट्टीच्या दिवशी जाऊन ठरवू नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ठाण्याला कर्जत लोकल पकडून बघा. बदलापूर-अंबरनाथवाल्या बायका दारात उभ्या असतात, त्यांना ओलांडून आत जाता येतं का आणि बदलापूरनंतर श्वास घेता येतो का ते कळेल. ती गाडी सुटली तर नेरळची पुढची किती वेळाने आहे तेही बघा, बदलापूरपर्यंत गाड्या पटापट असतात, पुढे कधी पाऊण तास, कधी तास. हे जमलं तर नेरळ, नाही जमलं तर मावशींचं ऐका.

बदलापूरची_मावशी
मी दारात नसते हो, मला आत सीट असते. बाकी बरोबर.

मांडव्याचा_वारा
ऐरोलीची नोकरी बदलता येणार नाही का? फोर्टात बघा काहीतरी.

रातराणी
अपडेट. काल गेले त्या लोकलने. बदलापूरपर्यंत एका पायावर, त्यानंतर खिडकी. नेरळला पूर्वेला तळमजल्याचं घर बघितलं, मागे आंब्याचं झाड, मालक शाळेतले निवृत्त सर, सासऱ्यांशी फोनवर बुद्धिबळाबद्दल वीस मिनिटं बोलले. भाडं सध्याच्या निम्म्याहून कमी. अकरा महिन्यांचं करतोय, पावसाळा काढून बघू. मावशी, डॉक्टरांचं तुमचं म्हणणं डोक्यात आहे, कल्याणच्या दोन हॉस्पिटलांचे नंबर आणि एका टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय.

नेरळची_सून
वा! पाण्याचं विचारलंत का? आमच्या भागात रोज येतं, पलीकडच्या आळीत एक दिवसाआड. टाकी आहे का?

रातराणी
टाकी आहे. रोजचं की दिवसाआडचं ते विचारायचंय, आज फोन करते.

पुणेकर_नवीन
नमस्कार, याच धाग्यावर विचारतो, पुण्याजवळ असं छोटं गाव कुठलं? लवकर सांगा.

फोर्टातला_कारकून
ऑफिस कुठे आहे?