मदत हवी आहे: नव्या लेबर कोडमुळे पीएफचा वाढीव वाटा कोणाच्या खिशातून?

नमस्कार मंडळी,

एका मध्यम कारखान्यात एचआर बघतो. 21 नोव्हेंबर 2025 ला चारही लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या संहिता) लागू झाले, तेव्हापासून जो येतो तो एकच विचारतो, "साहेब, हातात कमी येणार का?"

आमच्याकडे जुनी पद्धत: बेसिक कमी, बाकी सगळं भत्त्यांत. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात धरायचा. समजा एकूण 30,000 आणि बेसिक-डीए मिळून 12,000. तर वेतन धरायचं 15,000. 12 टक्क्यांनी पीएफ 1,440 चा होतो 1,800. कामगाराचे 360 जास्त कापले तरी जातात त्याच्याच खात्यात, हे समजावता येतं. पण कंपनीच्या वाट्याचे वाढीव 360 सुद्धा त्याच्याच सीटीसीतून (कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या ठरलेल्या एकूण खर्चातून) वळते करा, असं वरून आलंय! म्हणजे हातात 720 कमी. मला हे पटत नाही, आणि उद्या गेटवर उत्तर मलाच द्यायचंय.

ज्यांचा पीएफ आधीच 15,000 वेतनाच्या मर्यादेवर जातो त्यांना पीएफपुरता फरक नाही. ग्रॅच्युइटीचं मात्र राहतंच. ती शेवटच्या वेतनावर आणि झालेल्या सगळ्या वर्षांसाठी, त्यामुळे जुन्या माणसांसाठी कंपनीला हिशोबात करावी लागणारी तरतूद एकदम फुगते. त्यावर अकाउंट्सवाले अजून गप्प आहेत.

त्यात नवी भरती फिक्स्ड टर्मवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) करायची टूम निघालीय, स्वस्त पडते म्हणे. त्यांनाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आणि कायम कामगारांइतकेच लाभ द्यायचेत. मग स्वस्त कुठून?

कोणी मालकाला हे गळी उतरवलंय का? कसं?

प्रतिसाद:
तोंडी वाद घालू नका, टिपण द्या. 1952 च्या पीएफ कायद्यापासूनच (कलम 12) नियम आहे: वर्गणी भरावी लागते एवढ्याच कारणाने मालकाला पगार कमी करता येत नाही. शिवाय कामगारांच्या वेतनात किंवा पीएफच्या वर्गणीत बदल करायचा तर 21 दिवसांची नोटीस लागते, ती औद्योगिक संबंध संहितेतही (चार कोडपैकी एक) कायम आहे. आमच्या साहेबांना कलमापेक्षा ही नोटीस जास्त लागली, कारण ती युनियनच्या हातात पडते. आणि प्रत्येकाला जुना-नवा हिशोब पगाराच्या आधी कागदावर द्या, स्लिपमध्ये कळायला नको.