अनुभव धागा : जुन्या शहरात खाजगी गाईडसोबत अर्धा दिवस

कावेरीकाठ

भाची पुढच्या महिन्यात तंजावरला जात आहे. तिथे स्वतःपुरता गाईड घ्यावा की फलक वाचून भागेल, असे तिने काल विचारले. तिला उत्तर लिहायला बसले आणि काही वर्षांपूर्वीची माझी तंजावरची सकाळ इतकी स्पष्ट आठवत गेली, की ती एकट्या भाचीला पाठवण्यापेक्षा इथे लिहावी आणि तुमचेही अनुभव वाचावेत, असे वाटले.

आमचे गाईड तंजावरच्याच एका मराठी कुटुंबातले होते. त्यांनी आदल्या संध्याकाळी फोन करून एकच प्रश्न विचारला : "तुम्हाला काय पाहायची ओढ आहे?" यजमानांनी शिल्पे सांगितली आणि मी तंजावरचे मराठी राजे सरफोजी यांचे नाव घेतले. मग दुपारपर्यंतचा सगळा क्रम त्यांनी त्या उत्तरावरून बांधला. मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, सकाळी लवकर पोहोचायचे, कारण तिथे अनवाणी चालावे लागते आणि दहानंतर फरशी पाय टेकवू देत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

राजराज चोळाचे हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण झाले. सुमारे साठ मीटर उंचीचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, समोर असताना माणूस साहजिकच वर बघत राहतो. त्यांनी मात्र आम्हाला आधी खाली, तमिळ शिलालेखांपाशी नेले. इतर देवळांतून तंजावरला आणून वसवलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावे तिथे कोरलेली आहेत. कोण कुठल्या देवळातून आली आणि तिला कोणत्या रांगेतले घर दिले, याचीही नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांची नावे त्यांनी एकेक करून वाचून दाखवली. एवढ्या अवाढव्य देवळात मला सगळ्यात जवळची वाटलेली जागा ती.

नंतर प्राकाराच्या, म्हणजे देवळाच्या आवाराच्या, नैर्ऋत्य बाजूला गेलो. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा अतिशय दीर्घ मराठी शिलालेख तिथल्या भिंतींवर आहे. आजूबाजूला सगळी तमिळ लगबग चालू असताना दगडावरची देवनागरी अक्षरे दिसली, आणि शहाजी, एकोजी ही नावे मला बोट फिरवत वाचता आली. १७९९ च्या तहानंतर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा कारभार काढून घेतला होता आणि राजांकडे किल्ला व आसपासचा थोडा भाग एवढाच उरला होता. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी आपल्या घराण्याची हकीकत दगडावर लिहवून घेतली, याचा अर्थ तिथे उभे राहिल्यावर मला लागला. गाईडकाकांनी एवढे सांगितले आणि ते बाजूला जाऊन बसले. आम्ही किती वेळ घेतो याकडे त्यांनी घड्याळ लावून पाहिले नाही. मोठ्या गटाबरोबर गेले असते तर त्या भिंतीजवळून मी चालता चालता पुढे गेले असते.

राजवाड्यातल्या कलादालनात त्यांनी आम्हाला मोजक्याच कांस्यमूर्तींपाशी थांबवले. तिरुवेंकाडूहून आलेली १०११ ची वृषभवाहन शिवाची मूर्ती त्यांपैकी एक. डोक्यावर जटांचा फेटा आहे आणि हात नंदीवर टेकल्यासारखा मुडपलेला आहे, पण तो नंदी आज नाही. तरीही त्या हाताखाली त्याची पाठ आहे असेच वाटत राहते.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाची पाळी शेवटी आली. त्याविषयी कोणी विचारले तर सविस्तर लिहीन. तुम्ही कुठल्या जुन्या शहरात असा अर्धा दिवस घालवला आहे का? गाईडने काय दाखवले, काय गाळले, आणि तुमच्या मनात काय राहिले, ते जरूर लिहा.

नीलमोहर

अहमदाबाद. कालुपूरचे स्वामीनारायण मंदिर ते जामा मशीद. महापालिकेची सकाळची वारसाफेरी १९९७ पासून याच वाटेने जाते आणि ती उत्तम असते. पण माझ्या सासऱ्यांना दर दहा पावलांवर थांबावे लागत असल्यामुळे आम्ही स्वतंत्र गाईड ठरवला. तो एका पोळातच, म्हणजे दरवाजा असलेल्या जुन्या गल्लीवस्तीत, वाढलेला तरुण होता.

गाईड त्या गल्लीतला असला की बंद दारे उघडतात. एका आजींनी आम्हाला घराच्या चौकात नेले आणि फरशीतले झाकण उचलून खालचे टाके दाखवले. छपरावरचे पावसाचे पाणी तांब्याच्या नळातून त्यात उतरते आणि वर्षभर पुरते, असे त्या मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. बाहेर चबुतऱ्यावर पक्ष्यांसाठी दाणे टाकले जात होते. पोळाच्या तोंडाशी दरवाजा का, एका गल्लीतून दुसरीत जाणारी चोरवाट कुठे, हे त्याने तोंडी न सांगता आम्हाला त्या वाटेनेच नेऊन दाखवले. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहर ठरवले, ते भारतातले पहिलेच. मात्र अनेक लाकडी घरांना आज कुलपे आहेत, वाळवी लागलेली आहे आणि भावाभावांच्या वाटण्या अडलेल्या आहेत, हेही त्याने आमच्यापासून लपवले नाही. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

जामा मशिदीत (१४२४) त्याने आम्हाला मनोऱ्यांच्या बुंध्यांपाशी उभे केले. वरचे मजले १८१९ च्या भूकंपात कोसळले. खालचे कोरीव बुंधे तेवढे राहिले आहेत. सासरे निवृत्त स्थापत्य अभियंता असल्यामुळे त्या दोघांची जी चर्चा रंगली तिच्यात फेरीचा तासभर गेला आणि माणेकचौक आम्हाला नुसता ओलांडावा लागला. त्याची खंत कोणालाच नव्हती. अठराव्या शतकात या शहराचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता, त्यामुळे रायखडची गायकवाड हवेली पाहायची माझी इच्छा होती. ती पुढच्या खेपेला.

अबोली

@नीलमोहर, सासऱ्यांचे वाचून फार बरे वाटले. वडीलधाऱ्यांना सगळे "तुम्ही इथे बसा, आम्ही पाहून येतो" असे म्हणतात आणि त्यांचा प्रवास बाकावर संपतो.

@कावेरीकाठ, त्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे आम्हाला तिथे सांगितले होते. तुमच्या गाईडनेही तसेच सांगितले का?

कावेरीकाठ

नाही, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो यामुळेच. विमानाची सावली पडते, आणि सकाळी ती अंगणात कुठवर आली आहे हे त्यांनी आम्हाला प्रत्यक्ष दाखवले. शिखरावरचा दगड अखंड असून त्याचे वजन ऐंशी टन आहे, ही गोष्टही त्यांनी "लोक असे सांगतात" एवढे म्हणूनच सांगितली. तो भाग एकाहून अधिक दगडांचा असावा असे अभ्यासकांचे मत आहे, हेही लगेच जोडले. दंतकथा सांगायला माझी हरकत नाही. त्या गावाने स्वतःविषयी काय मानले ते त्यातून कळते. पण ती दंतकथा आहे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन (मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळातल्या) रंगाखाली चोळांची मूळ चित्रे आहेत. ती १९३१ मध्ये उजेडात आली. तो मार्ग सर्वांसाठी खुला नसतो, म्हणून त्यांनी त्या चित्रांच्या मोठ्या प्रती बरोबर आणल्या होत्या आणि सावलीत बसून त्या आम्हाला समजावून दिल्या.

माळ्यावरची

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. पणजीत फोंतैन्यस या जुन्या वस्तीला लागून आमचे घर आहे, त्यामुळे रोज सकाळी असे गट माझ्या खिडकीखालून जातात.

चांगला गाईड आम्हाला आवाजावरून ओळखू येतो. तो गल्लीच्या तोंडाशी थांबतो, १८४३ मध्ये राजधानी पणजीला आली ते तिथेच सांगतो, घरांना पावसाळ्यानंतर पुन्हा रंग देण्याची आणि पांढरा रंग चर्चसाठी राखण्याची जुनी रीत समजावतो, आणि मग गल्लीत शिरल्यावर हळू बोलतो. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) तो पाहुण्यांना क्रूसावरच्या ख्रिस्ताकडे नीट पाहायला सांगतो. त्या मूर्तीची मान ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून ती आली, हे कळल्यावर माणसे आपोआप शांत होतात. एका गाईडताईंना मी अनेकदा पाहिले आहे. पाहुण्यांना शिंपल्यांच्या खिडक्या दाखवायच्या असल्या, तर त्या आधी घरातल्या बाईंना विचारतात आणि मगच बोट करतात.

दुसऱ्या प्रकारचे गाईड लोकांना आमच्या पायऱ्यांवर बसवून छायाचित्रे काढून देतात. शेजारच्या वृद्ध काकांना औषध घेऊन दुपारी झोपायचे असते, आणि त्यांच्या दाराशी कोणीतरी कपडे बदलून पुन्हा पुन्हा उभे राहते. इथे वाचणाऱ्या सर्वांना माझी मनापासून विनंती आहे की गाईड ठरवतानाच त्याला सांगावे, लोक राहतात त्या दारांसमोर आम्हाला उभे करू नका. पैसे देणाऱ्याने सांगितले की ते ऐकले जाते.

पेठेतला_वाटाड्या

@माळ्यावरची, तुमचे म्हणणे मी माझ्या सहकाऱ्यांनाही वाचायला देणार आहे. मी पुण्यात अशा फेऱ्या नेतो, तेव्हा नेणाऱ्याच्या बाजूने थोडे.

अर्ध्या दिवसात पुणे दाखवा असे म्हणणाऱ्यांच्या यादीत शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई असतेच. हे सगळे जवळजवळ असल्याने चालून होते, पण पाहून होत नाही. म्हणून मी आधी विचारतो की तुम्हाला पेशवाई समजून घ्यायची आहे, की वाडा म्हणजे काय ते पाहायचे आहे, की एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांची वाट चालायची आहे. तिसरी वाट घेणाऱ्यांना मी भिडेवाड्याच्या जागेपाशी नेतो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली तो मोडकळीला आलेला वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. वाडा नसताना त्या जागेवर बोलणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड बोलणे आहे, आणि तरीही ते मी टाळत नाही, कारण तिथे आलेल्या शाळकरी मुली सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

शनिवारवाड्यात बहुतेकांना भुताच्या गोष्टी हव्या असतात. मी त्यांना दिल्ली दरवाज्याचे खिळे दाखवतो, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ते का बसवले ते सांगतो आणि १८२८ च्या आगीनंतर उरलेल्या जोत्यांवरून आतल्या इमारतींचा अंदाज बांधायला लावतो. लाल महालाची आजची वास्तू विसाव्या शतकातली आहे, हे सांगितल्यावर काहींचा हिरमोड होतो, पण ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आणि वेळ उरलाच, तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. अठराव्या शतकातल्या त्या दगडी देवळाच्या दर्शनी भिंतीवर गोऱ्या शिपायांनी गेंड्याला साखळदंडाने बांधल्याचे शिल्प आहे. पुण्यात जन्मलेल्या कित्येकांनी ते पाहिलेले नसते. तिथे मी आधी काही बोलत नाही. लोकांना ते स्वतः सापडू देतो.

सांजवेळ

स्वयंपाक आटोपता आटोपता लिहीत आहे. प्राग, जुने शहर, बरोबर आई. तिच्या गुडघ्यांमुळे मी गाईडबाईंना आधीच कळवले होते. त्या गोट्या दगडांच्या रस्त्यांवरून त्यांनी आम्हाला अशा वाटेने नेले की कुठेही बसायला जागा मिळत होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्या आईसमोर उभ्या राहून तिला ऐकू येईल अशा बोलत होत्या.

जुन्या नगरभवनावरच्या खगोलीय घड्याळाचा सर्वांत जुना भाग १४१० चा आहे. तास पडताना तिथे प्रचंड गर्दी होते, म्हणून आम्ही अलीकडेच बसलो. मग त्यांनी नगरभवनाबाहेरच्या फरसबंदीतले २७ पांढरे क्रूस दाखवले. २१ जून १६२१ रोजी सम्राटाविरुद्धच्या बंडाबद्दल तिथे सत्तावीस जणांना मृत्युदंड दिला गेला. लोक घड्याळाकडे वर बघत त्या खुणांवरूनच चालत होते.

पुढे काही घरांच्या दारांसमोर पितळी चौकोन बसवलेले दिसले. त्या घरांतून नेऊन मारलेल्या ज्यूंची नावे, जन्मवर्ष आणि कुठे नेले ते त्यांवर लिहिलेले असते. आईने वाकता येत नसतानाही एका नावाचा उच्चार कसा करायचा ते विचारून घेतले आणि ते नाव मोठ्याने म्हटले. गाईडबाईंचे डोळे भरून आले.

अबोली

@सांजवेळ, आईंना माझा नमस्कार सांगा. आता गुडघे कसे आहेत? माझ्या आईलाही हाच त्रास असल्यामुळे परदेशचा विचारच सोडला होता.

सांजवेळ

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ आराम आहे. विचार सोडू नका. गाईडला पत्र पाठवताना किती वेळ सलग चालता येते, पायऱ्या चढता येतात का आणि ऐकू कसे येते, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. ज्यांनी या पत्राला नीट उत्तर दिले नाही त्यांना आम्ही घेतले नाही.

नीलमोहर

@कावेरीकाठ, सरस्वती महालाचे राहिले आहे. आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत, त्यामुळे क्रमही सांगा.

कावेरीकाठ

सांगते. सकाळी साडेसहाला मोठे देऊळ, नऊच्या सुमारास न्याहारी, मग राजवाडा. ग्रंथालयाचा सुटीचा वार आधी विचारून घ्या. तिथे दालनात मोजक्याच वस्तू मांडलेल्या असतात. हजारो हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे अभ्यासकांसाठी आत असतात. मूळ संग्रह नायकांच्या काळापासूनचा आहे, पण सरफोजी राजांनी तो अपार वाढवला. काशीयात्रेतही त्यांनी ग्रंथ मिळवले. मांडलेल्या वस्तूंमध्ये माणसाच्या चेहऱ्याची प्राण्यांच्या चेहऱ्यांशी तुलना करणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रँ याची चित्रे आहेत. तंजावरचा एक मराठी राजा हे सगळे मागवून वाचत होता, हे पाहताना मला विलक्षण आनंद झाला.

ग्रंथालयानंतर शक्ती उरली असेल, तर शिवगंगा बागेतले १७७९ चे श्वार्ट्झ चर्च पाहाच. सरफोजींना लहानपणी आधार देणारे आणि शिकवणारे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ राजांनी लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तिथे आहे : गुरू मृत्युशय्येवर आहेत आणि राजे त्यांचा हात धरून उभे आहेत. अर्ध्या दिवसाच्या फेरीत बरेच गाईड हे चर्च धरत नाहीत, म्हणून ठरवतानाच तसे सांगा आणि दार उघडणाऱ्या माणसाला त्यांच्याकडूनच आधी निरोप जाऊ द्या.