जुन्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे : ७५ वॉटच्या मर्यादेत काय घ्यावे?

नमस्कार.

माझ्याकडे पूर्वी कार्यालयीन कामासाठी वापरला गेलेला एक टॉवर संगणक आहे. त्यात इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच पट्टी), २४० जीबीची एसएसडी आणि विंडोज १० आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधल्या एचडी ग्राफिक्स ४६०० वरच आजवर सगळे चालले आहे. मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा, ६० हर्ट्झचा आहे आणि त्याला एचडीएमआय व व्हीजीए अशी दोन्ही जोडणीची सोय आहे.

या संगणकावर मला जीटीए ५, द विचर ३ आणि काउंटर-स्ट्राइक २ हे खेळ समाधानकारक खेळता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. नवे, भारी खेळ उच्च सेटिंगवर चालावेत असा आग्रह नाही. १०८०पी रिझोल्यूशनवर मध्यम सेटिंग ठेवून सेकंदाला ६० च्या आसपास फ्रेम्स मिळाल्या आणि मध्येच अडखळणे थांबले, तर माझे काम झाले. संपूर्ण नवा संगणक घेणे सध्या शक्य नाही. कार्ड वापरलेले असले तरी चालेल, मात्र ज्या पैशांत ते घेईन ते पैसे पुन्हा लगेच उभे राहणार नाहीत, त्यामुळे निवड विचारपूर्वक व्हावी असे मनापासून वाटते.

खरी अडचण पॉवर सप्लायची आहे. तो २९० वॉटचा असून त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी सहा किंवा आठ पिनांची एकही वायर निघत नाही. शिवाय मदरबोर्डला वीज देणारा जोड नेहमीचा २४ पिनांचा नसून उत्पादक कंपनीचा स्वतःचा आठ पिनांचा आहे, म्हणजे बाजारातला साधा पॉवर सप्लाय आणून थेट बसवता येणार नाही. पीसीआयई स्लॉटमधून (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, हे वाचले आहे. तेव्हा केवळ स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्ड शोधणे हाच मार्ग मला दिसतो. त्यामुळे आरएक्स ५७० आणि आरएक्स ५८० ही कार्डे, जी वापरलेल्या बाजारात भरपूर दिसतात, मी बाजूला ठेवली आहेत. त्यांची विजेची गरज अनुक्रमे १५० आणि १८५ वॉट आहे.

आतापर्यंतच्या वाचनातून चार नावे समोर आली. जीटीएक्स १०५० टीआय (२०१६, ४ जीबी), जीटीएक्स १६५० (२०१९, ४ जीबी), आरएक्स ६४०० (२०२२, ४ जीबी) आणि आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती (२०२४). पहिले सर्वांत स्वस्त पडते, शेवटचे सर्वांत महाग, आणि मधली दोन त्यांच्या दरम्यान.

माझ्या शंका अशा आहेत. १०५० टीआयसाठी एनव्हिडियाने नव्या खेळांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारी प्रणाली) देणे बंद केले आहे. जुने खेळ खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडतो का? आरएक्स ६४०० ला फक्त ५३ वॉट लागतात, त्यामुळे माझ्या पॉवर सप्लायवर ते सर्वांत सुरक्षित वाटते, पण ते पीसीआयईच्या चारच लेन (माहिती वाहण्याच्या वाटा) वापरते आणि माझा बोर्ड जुना आहे. आरटीएक्स ३०५० वर जास्त पैसे घातले, तर माझा चार कोअरचा प्रोसेसर त्याला न्याय देऊ शकेल का, की ते पैसे वाया जातील? डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या जोडातून सहा पिन काढून देणारी छोटी वायर मिळते असे दिसते. ती वापरून थोडे मोठे कार्ड चालवणे योग्य आहे का? आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची शंका म्हणजे वापरलेले कार्ड घेताना ते अस्सल आणि धडधाकट आहे, हे कसे तपासावे?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्ही पॉवर सप्लायपासून विचार सुरू केलात, हे फार चांगले केलेत. बहुतेक जण आधी कार्ड घेतात आणि मग वायर शोधत बसतात.

साटाच्या वायरीचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्या. साटाच्या वीजजोडात १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर असते, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॉट. सहा पिनांच्या जोडातून मात्र कार्ड ७५ वॉटपर्यंत वीज मागू शकते. खेळ ऐन भरात असताना हा भार सतत राहतो, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळण्यापर्यंत वेळ येते. संगणकाबरोबर घराचीही सुरक्षितता त्यात गुंतलेली आहे. २४ पिनांचे तुमच्या आठ पिनांत रूपांतर करणाऱ्या वायरी मिळतात, पण अशा मालकीच्या जोडांत पिनांची रचना मॉडेलगणिक बदलते. नेमक्या तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली वायर असल्याची खात्री नसेल, तर त्याही वाटेला जाऊ नये.

आता आरएक्स ६४००. हे कार्ड पीसीआयई ४.० च्या चार लेनसाठी आखलेले आहे. तुमच्या पिढीचा प्रोसेसर पीसीआयई ३.० देतो आणि त्यात प्रत्येक लेनमागे सेकंदाला साधारण १ जीबी माहिती वाहते. म्हणजे सोळा लेनचा स्लॉट हाताशी असूनही हे कार्ड सेकंदाला ४ जीबीच्या आसपासच माहिती मागवू शकेल. कार्डावरची ४ जीबी स्मृती पुरते तोवर हे फारसे जाणवत नाही. एकदा ती भरली की उरलेले टेक्स्चर मुख्य रॅममधून याच अरुंद वाटेने यावे लागते, आणि तुम्हाला नको असलेले अडखळणे नेमके तिथे सुरू होते. त्यातच, तुमच्या मदरबोर्डवर एच८१ चिपसेट (बोर्डचे भाग जोडणारी मुख्य चिप) असेल तर स्लॉट पीसीआयई २.० चाच असतो, म्हणजे ही वाट आणखी निम्मी होते. जीपीयू-झेड ही छोटी, मोफत प्रणाली चिपसेटचे नाव सांगणार नाही, पण कार्ड बसवल्यावर जोडणी कोणत्या आवृत्तीची आणि किती लेनची आहे हे दाखवते. चिपसेट आताच पाहायचा असेल तर सीपीयू-झेड वापरा. आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडरही (चित्रण साठवण्याजोगे करणारा भाग) नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करायचा झाल्यास तो भार प्रोसेसरवर पडेल, आणि तुमच्या प्रोसेसरला तो परवडणारा नाही.

१०५० टीआयबद्दल : एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल (१०५० टीआय याच पिढीचे) या पिढ्यांसाठी खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिले, त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेचे अद्यतन तीन महिन्यांतून एकदा मिळणार आहे. तुमच्या यादीतले खेळ त्यामुळे बंद पडणार नाहीत. तरीही मी ते सुचवणार नाही, कारण तुम्हाला हवी असलेली फ्रेम्सची पातळी गाठताना त्याची दमछाक होईल. १६५० मध्ये ८९६ कोअर आहेत, १०५० टीआयमध्ये ७६८. मात्र १६५० ची ट्युरिंग रचना नवी असल्याने प्रत्यक्षातला फरक या आकड्यांवरून वाटतो त्याहून बराच मोठा आहे. त्याला सोळा लेन मिळतात, वीज ७५ वॉटच लागते आणि त्याचे ड्रायव्हर अजून चालू आहेत. माझ्या मते तुमच्यासाठी हेच कार्ड.

मात्र एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्या. १६५० ची अनेक मॉडेल कारखान्यातूनच जास्त वेगाने चालवलेली असतात आणि त्यांना सहा पिनांचा जोड असतो. कार्डाच्या वरच्या कडेचे छायाचित्र मागवून तिथे जोड नाही, याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. १६५० सुपर हे १०० वॉटचे वेगळे कार्ड आहे, त्याला जोड लागतोच. आरटीएक्स ३०५० च्या बाबतीतही तसेच : ६ जीबीची आवृत्ती ७० वॉटची आहे, तर ८ जीबीची १३० वॉटची, आणि नाव जवळजवळ एकच असल्यामुळे गल्लत सहज होते.

आरटीएक्स ३०५० चे पैसे वाया जातील का, याचे उत्तर तुमच्या पुढच्या बेतावर अवलंबून आहे. वर्षा-दोन वर्षांत संगणक बदलून हेच कार्ड त्यात न्यायचे असेल, तर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून फ्रेम्स वाढवणारी सोय) आणि जास्तीची २ जीबी स्मृती यांचा खरा उपयोग होईल. हाच संगणक वापरत राहायचा असेल, तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आय५-४५९० आधी थकेल आणि महागडे कार्ड त्याची वाट पाहत बसेल. याचा थोडा अंदाज आताच घेता येतो. खेळाचे रिझोल्यूशन आणि सगळ्या सेटिंग अगदी तळाला न्या आणि गर्दीच्या ठिकाणी फ्रेम्स मोजा. तिथेही टास्क मॅनेजरमध्ये चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले दिसले, तर कोणतेही कार्ड त्या जागी फ्रेम्स फार वाढवू शकणार नाही.

आणि कार्डाच्याही आधी रॅम. एकच पट्टी असल्याने प्रोसेसर निम्म्याच रुंदीने स्मृतीशी बोलतो आहे. त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी लावलीत तर १६ जीबी होईल आणि दोन्ही वाहिन्या चालू होतील. सरासरी फ्रेम्स किती वाढतील ते खेळावर आहे, पण मध्येच बसणारे झटके कमी होतात आणि डीडीआर३ वापरलेली अगदी स्वस्तात मिळते.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी सहमत आहे. वापरलेले कार्ड तपासण्याविषयी लिहितो, कारण फसवणूक सर्वाधिक तिथेच होते.

जुन्या फर्मी पिढीच्या कार्डांवर बदललेली बायॉस (चिपमधली मूळ प्रणाली) भरून ती १०५० टीआय म्हणून विकण्याचा प्रकार बरीच वर्षे चालत आला आहे. विंडोज अशा कार्डाचे नाव विनातक्रार १०५० टीआय असेच दाखवते. जीपीयू-झेड मात्र प्रत्यक्ष चिप ओळखते आणि नावाआधी ते बनावट असल्याचे स्पष्ट लिहिते. म्हणून विक्रेत्याच्या समोर, कार्ड चालू अवस्थेत असताना ही प्रणाली उघडून पाहावी. केवळ पाठवलेल्या चित्रावर विसंबू नये. १६५० असेल तर ८९६ शेडर (म्हणजेच कोअर) आणि १२८ बिटांची स्मृतिवाहिनी दिसली पाहिजे. मागच्या बाजूला व्हीजीएचा जोड असेल तर संशय घ्यावा, कारण पास्कल आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या चिप ॲनालॉग सिग्नल देत नाहीत. तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय आहे, त्यामुळे व्हीजीएची गरजही नाही.

त्यानंतर युनिजिन हेवनसारखी चाचणी किमान पंधरा मिनिटे चालवावी. या वेळात पडद्यावर रंगीत ठिपके किंवा तुटलेले त्रिकोण दिसू नयेत, पंखा खरखरू नये, तापमान एका पातळीवर स्थिरावावे आणि वेग अचानक कोसळू नये. स्क्रूंवर झीज असेल तर कार्ड उघडले गेले आहे, असे समजावे. नुसते उघडले म्हणून ते वाईट ठरत नाही, कारण काळजी घेणारा मालकही थर्मल पेस्ट बदलतो, पण तसे असल्यास का उघडले हे विचारावे.

घेण्याआधी कॅबिनेटमधली जागाही मोजा. कार्यालयीन टॉवरमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा स्लॉटच्या रेषेत येतो, आणि जाड कार्डाखाली साटाचे जोड दबतात. एकाच पंख्याचे आखूड मॉडेल तुमच्यासाठी सोयीचे पडेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सीपीयू-झेडमध्ये चिपसेट क्यू८७ दिसतो आहे, म्हणजे स्लॉट पीसीआयई ३.० चा आहे. सांगितल्याप्रमाणे सेटिंग तळाला नेऊन पाहिले, तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गोळीबार एकत्र आला की चारही कोअर भरतात. विचर ३ मध्ये तसे होत नाही. दुसरी रॅम पट्टी आणि जोड नसलेले, एका पंख्याचे १६५० असे ठरवतो आहे. पुढे कधी आय७-४७९० स्वस्तात मिळाला, तर तो याच बोर्डवर बसवणे फायद्याचे ठरेल का, आणि २९० वॉट पुरतील का?

प्रतिसाद १

बसेल, सॉकेट तोच आहे, फक्त आधी बोर्डची बायॉस शेवटच्या आवृत्तीपर्यंत अद्ययावत करून घ्या. आय७-४७९० मध्ये कोअर चारच असले तरी थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आठ आहेत, आणि तुम्ही वर्णन केलेल्या धूर-गोळीबाराच्या प्रसंगात त्यांचाच उपयोग होतो. दोन्ही प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ८४ वॉटच आहे. त्यात कार्डाचे ७५ मिळवले तर १५९ होतात, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना ४० धरले तरी २०० च्या आत राहता, तेव्हा सुस्थितीतला २९० वॉटचा सप्लाय पुरेल. तो बराच जुना असल्यामुळे बसवण्यापूर्वी आतली धूळ मात्र साफ करून घ्या.

विचर ३ सुरू करताना लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडा. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अद्यतनानंतर त्याची डायरेक्टएक्स १२ आवृत्ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांवरही बराच जास्त भार टाकते. जीटीए ५ चीही जुनी आवृत्तीच ठेवा. मार्च २०२५ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती त्याहून जास्त ताकद मागते. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावायची आहे. पडदा काळाच राहिला, तर बायॉसमध्ये प्राथमिक डिस्प्लेचा पर्याय पाहा आणि इथे लिहा.