रॅपला अल्बम म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?

धोटा_पूर्वभाग

परवा पार्कचौक७८ दादांनी इथं "मरायच्या आधी ऐका" म्हणून 20 अल्बमची यादी टाकली. 14 रॉक, 6 मेटल (रॉकचाच जड भाऊ), हिप हॉप म्हणजे रॅप शून्य. शून्य असू दे, ज्याची त्याची आवड. पण खाली जी ओळ टाकली, "रॅप म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा चोरायचा आणि त्यावर बडबड करायची, त्याला अल्बम म्हणू नका", ती वाचून दोन दिवस डोकं तापलंय. लांब होईल, वाचायचं तर वाचा.

मी मेटलवालाच आहे हे आधी सांगतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, बारावीच्या सुट्टीत मी पण तिथं कांड्या पोचवायला जायचो. एक माग खट-खटाक करत असतो, शेजारचा त्याच्या अर्धा श्वास मागे, आणि अख्खी शेड सुरू असली की मध्येच कधीतरी सगळे एका तालात येतात, चार-पाच सेकंद, आणि परत फाटतात. त्या आवाजात मी वॉकमनवर मेटालिका बँडचा मास्टर ऑफ पपेट्स ऐकलाय. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता, नुसता उजव्या हाताचा ताल कळायचा, आणि तो मागासारखाच होता. तेव्हापासून मेटल मला परकं वाटलंच नाही. पुढं वाचलं की ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, 17 व्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं 1971 च्या मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीला तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला. ज्या जड आवाजावर आपण सगळे जीव टाकतो तो असा कारखान्यातनं आलाय. आमच्या वडलांच्या डाव्या करंगळीला पण एक पेर कमी आहे, म्हणून ही गोष्ट माझ्यासाठी नुसती माहिती नाही.

आता रॅप. नास या रॅपरचा इल्मॅटिक, 1994, 10 ट्रॅक, सगळा मिळून 40 मिनिटांच्या आत. पोरगं 20 वर्षांचं, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी चाळींत वाढलेलं. सुरुवातीलाच रेल्वेचा आवाज येतो, आणि मग शेवटपर्यंत तुम्ही त्या वस्तीतनं बाहेर पडत नाही. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी जे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजतं ते नासच्या वडलांनी, ओलू दारा यांनी वाजवलंय. पोरगा जगण्यावर वैतागून बोलतोय आणि मागं बाप एक शब्द न बोलता वाजवतोय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अशोक चौकात गाडी बाजूला घेऊन ते गाणं परत लावलं. याला अल्बम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं दादा, तुम्हीच सांगा.

पार्कचौक७८

उत्तर देतो, कारण माझ्याच नावानं धागा काढलाय. वडलांचं वाचून वाईट वाटलं, त्यावर वाद नाही. पण भावना वेगळी आणि संगीत वेगळं.

मी कॅसेटच्या काळातला माणूस आहे. नव्या पेठेत इंग्रजी कॅसेट मिळायच्याच चार, त्यातली एक घ्यायला दोन महिन्यांचे बसचे पैसे वाचवून चालत कॉलेजला गेलोय. 2011 ला मेटालिका बेंगळुरूला आली, रजा मिळाली नाही तरी उद्यान एक्सप्रेसच्या जनरलमध्ये रात्रभर उभा राहून गेलो. 30 ऑक्टोबर, पॅलेस ग्राउंड्स, पावसानं नुसता चिखल. हजारो लोक एका आवाजात गात होते, माझ्या डोळ्यात पाणी होतं हे सांगायला लाज वाटत नाही. चार माणसं, चार वाद्यं, हातानं वाजवलेली. मास्टर ऑफ पपेट्समधलं ओरायन हे साडेआठ मिनिटांचं गाणं, एक शब्द नाही त्यात, क्लिफ बर्टनचा बेस काय बोलतो ते ऐका. तो अल्बम आला त्याच वर्षी, 1986 च्या सप्टेंबरात, स्वीडनला बस उलटून गेला तो, 24 वर्षांचा. त्या पोरानं बोटं झिजवली होती. आणि ह्यांचं काय? बटण दाबलं, दुसऱ्यानं घाम गाळून वाजवलेला ड्रम आयता घेतला. चोरीला चोरीच म्हणणार मी.

सेकंडहँड_टेप

चोरीचं काढलंच आहे तर पूर्ण काढा. तुमच्या यादीत तिसऱ्या नंबरला लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम आहे, 1969 चा. त्यातल्या पहिल्याच गाण्यावर ब्लूजवाल्या विली डिक्सननं 1985 ला दावा लावला, कोर्टाबाहेर मिटवावं लागलं, नंतर त्यांचं नाव टाकावं लागलं. काळ्या ब्लूजवाल्यांचं घेऊन गोऱ्यांनी गिटारवर वाजवलं की "प्रेरणा", आणि काळ्या पोरांनी रेकॉर्डवरनं घेतलं की "चोरी". हा हिशोब मला पटत नाही. रॅपवाल्यांना 1991 च्या रॅपर बिझ मार्कीच्या, परवानगीशिवाय तुकडा घेतल्याच्या केसनंतर तुकड्या-तुकड्याचे पैसे मोजून परवानगी घ्यावी लागते.

अजून एक. तुमच्या यादीत स्लेयर या मेटल बँडचा रेन इन ब्लड आहे, 1986. माझाही जीव की प्राण, अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि एक सेकंद जास्तीचा नाही. तो कुठल्या कंपनीनं काढला? डेफ जॅम, म्हणजे रॅपची कंपनी. निर्माता रिक रुबिन. त्याच माणसानं त्याच वर्षी बीस्टी बॉइज या रॅप ग्रुपचा पहिला अल्बम केला आणि त्यातल्या एका गाण्यात स्लेयरच्याच केरी किंगनं गिटार वाजवली. दोन वर्षांनी पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपनं स्लेयरचीच रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) उचलून आपल्या गाण्यात बसवली. म्हणजे वाजवणाऱ्यांचं एकमेकांत येणंजाणं होतं आणि भिंत आपण सोलापुरात बसून घालतोय.

पार्कचौक७८

झेपेलिनचं मान्य. डिक्सनचं नाव आधीच टाकायला हवं होतं. पण त्यांनी वाजवलं तरी, हा फरक राहतोच.

सात_रस्ता_वाचक

मला रॉक-मेटलमधलं फार कळत नाही, पण "बडबड म्हणजे संगीत नाही" हे सोलापूरच्या माणसानं म्हणावं याचं नवल वाटलं. राम जोशी कुठले? आपल्या सोलापूरचे. पेशवाईतला माणूस, वेदशास्त्राचं घर सोडून लावणीच्या फडात गेला, तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांनी त्यांनाही नावंच ठेवली असणार. त्यांच्या रचनेत यमक आणि अनुप्रास कसे एकमेकांच्या अंगावर येतात ते मोठ्यानं म्हणून बघा, जीभ अडखळते. अमर शेख आपल्या बार्शीचे. पोवाड्यात शाहीर मध्येच गाणं थांबवून डफाच्या तालावर बोलायला लागतो, मागनं झीलकरी "जी जी रं जी" धरतात, तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? ते बोलणंच असतं. माझे आजोबा गिरणीतनं सुटून रात्री मैदानात पोवाडा ऐकायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळा घरी म्हणून दाखवायचे, चाल थोडी चुकली तरी शब्द चुकायचा नाही.

पार्कचौक७८

पोवाड्याची आणि ह्याची बरोबरी करू नका. शाहिराला विषय असतो. ह्यांच्या तोंडात गाड्या, पैसा, बायकांना शिव्या.

धोटा_पूर्वभाग

बायकांना शिव्यांचं खरंय. रॅपर ड्रेचा द क्रॉनिक, 1992, संगीत इतकं घट्ट की अजून कान तृप्त होतात, पण बायकोसमोर लावू शकत नाही आणि लावतही नाही. तिथं मी गप्प बसतो. पण 80 च्या रॉकवाल्यांनी काय आरत्या म्हटल्या का? आणि विषयाचं म्हणाल तर रॅपर केंड्रिक लामारच्या डॅम या अल्बमला संगीताचं 2018 चं पुलित्झर बक्षीस मिळालं, शास्त्रीय आणि जॅझ सोडून कुणाला मिळायची ती पहिलीच वेळ. मला स्वतःला त्याच्या आधीचा 2015 चा टू पिंप अ बटरफ्लाय जास्त आवडतो, पण तो एकदा ऐकून कळत नाही. मला चौथ्यांदा कळला.

शेंगाचटणी

तुमचं चालू द्या, पण मला एक विचारायचंय. सगळे अल्बम-अल्बम करताय, आवाज किती ठेवता ते कुणीच बोलत नाही. मेटालिकाचा डेथ मॅग्नेटिक, 2008, भावानं आणला तेव्हा पंधरा मिनिटांत माझं डोकं धरलं. मला वाटलं मीच नाजूक. नंतर कळलं की सगळं इतकं दाबून मोठं केलंय की हळू आवाज असा त्यात उरलाच नाही. फॅननीच बोंब मारली, गिटार हिरो गेममध्ये तीच गाणी आली ती जास्त स्वच्छ ऐकू येत होती म्हणून. निर्माता परत तुमचा तोच रिक रुबिन.

आणि हीच खोड आता रस्त्यावर आलीय. आमच्या गल्लीत मिरवणूक आली की कपाटातल्या ताटल्या वाजतात. सासऱ्यांचं बायपास झालंय. मागच्या वर्षी त्यांना मागच्या मोरीत पाटावर बसवून दार लावून घेतलं, कारण घरात तेवढीच एक जागा होती जिथं छाती धडधडत नव्हती. दीड तास बसले. ह्याला पण संगीत म्हणणार का तुम्ही?

सेकंडहँड_टेप

डेथ मॅग्नेटिकचं शंभर टक्के बरोबर. रचना चांगल्या आहेत आणि आवाजानं मातीत घातल्या.

बेस_बॉय_विजापूररोड

आला का विषय डीजेवर. कुठलाही विषय काढा, शेवटी आमच्यावरच. मी साउंडवर काम करतो, 9 वर्षं झाली. वर्षातले मोजके दिवस धंदा, त्यावर गाडीचा हप्ता, जनरेटरचं भाडं, चार पोरांची मजुरी. ताई तुमच्या सासऱ्यांचं वाईट वाटलं, खरंच. पण आवाज वाढव म्हणणारं मंडळ असतं, नाचणारी पोरं तुमच्याच गल्लीतली असतात, आणि गुन्हा कुणावर पडतो? मशीन कुणाचं जप्त होतं?

आणि हिप हॉप हिप हॉप म्हणून कौतुक करलालाव, ते आलं कुठनं बे? 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्रॉंक्स, बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्कनं दोन टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची मशीनं) लावले. तो मूळचा जमैकाचा, आणि तिथं रस्त्यावर साउंड सिस्टिम लावून नाचायची पद्धत जुनीच. म्हणजे तुमचा इल्मॅटिक आमच्या बापाचा नातू आहे. तिकडं झालं की संस्कृती आणि इकडं आम्ही लावलं की धिंगाणा?

धोटा_पूर्वभाग

हर्कचं बरोबर बोललास, मानलं. पण हर्क काय करत होता तेही सांग. गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवायचा, म्हणजे नाचणाऱ्याला दम धरता यावा. त्यात कला होती. तुझ्या ट्रकवर एकच रिमिक्स दहा वेळा वाजतं.

बेस_बॉय_विजापूररोड

तू कधी आलास का बघायला? घरात बसून हेडफोन लावून वस्तीच्या गप्पा मारतोस. आम्ही वस्तीतच आहे.

धोटा_पूर्वभाग

मला वस्ती शिकवू नकोस. माझे वडील मागाच्या आवाजात 26 वर्षं राहिले, आज त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी भांडायला येतात. जेवताना आईनं तीनदा हाक मारली तरी ताटाकडं बघत बसतात, आणि मग सगळे हसायला लागले की तेही हसतात, का ते न कळता. मोठा आवाज काय करतो ते मी रोज बघतो. आणि मी स्वतः त्याच शेडमध्ये वॉकमन फुल करून बसायचो, माझ्याही उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

शेंगाचटणी

कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं ते इथं टाकते. 85 डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. कायद्यात वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 लिहिलंय. भाऊ, तू रोज त्या भिंतीला टेकून उभा असतोस. तुझे कान तपासलेस का कधी?

बेस_बॉय_विजापूररोड

नाही तपासले. कापूस घालतो.

सात_रस्ता_वाचक

कापसानं काही होत नाही रे बाळा. आपल्याकडं विसर्जनाला लेझीम काय सुंदर असते, सोलापूरची लेझीम म्हणून बाहेरनं माणसं बघायला येतात. हलगी आणि ताशावर दोनशे पोरं एका पावलात वळतात, तेव्हा अंगात येतं आणि बोललेलंही ऐकू येतं.

बेस_बॉय_विजापूररोड

लेझीमवाले पैसे देणार का आजोबा मला? 2 टॉप 2 बेसवर, म्हणजे चारच स्पीकरवर, काम करायला मी तयार आहे, पण मग सगळ्यांनीच करायला पाहिजे. मी एकट्यानं कमी केला की पुढच्या वर्षी सुपारी दुसऱ्याला.

शेंगाचटणी

हे मात्र खरं बोललास. मंडळाच्या अध्यक्षांना धरायला पाहिजे, तुला नाही. पण आमच्या गल्लीत आलास तर आवाज मी येऊन कमी करायला लावणार, आधीच सांगते.

पार्कचौक७८

धागा कुठल्या कुठं नेला. असो. काल रात्री इल्मॅटिक लावला, हेडफोनवर, पूर्ण, कारण धोटा म्हणतो तो बाप-लेकाचा भाग ऐकायचा होता. कॉर्नेट चांगलं आहे. फार कमी वाजवलंय, अजून दोन मिनिटं वाजवायला पाहिजे होतं. दुसऱ्या गाण्यातला पियानो रात्री झोपेपर्यंत डोक्यातनं गेला नाही, हे कबूल करतो. बाकी चार-पाच गाणी मला एकसारखीच वाटली आणि शब्द निम्मे कळले नाहीत.

यादी बदलणार नाही. 20 म्हणजे 20. ती खालची ओळ मात्र काढतो, "बडबड" हा शब्द चुकला. चोरीवर मी अजून ठाम आहे.

धोटा_पूर्वभाग

शब्द मेटलमध्ये तरी कुठं कळतात दादा, तुम्हाला स्लेयरचे कळले का पहिल्यांदा? दुसऱ्यांदा ऐका, वहीत ओळी लिहून घेऊन. ओरायन मी काल परत ऐकलं, आवाज निम्म्यावर ठेवून. मधे सगळं थांबून बेस एकटा सुरू होतो ना, तिथं वडील शेजारीच बसले होते. स्पीकरवर तळहात ठेवून म्हणाले, हे कळतंय मला.