मदत हवी आहे: जेलमधून प्रकाशाने सुटलेलं लायसोझाइम निम्मंच काम करतंय

पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकोल) हायड्रोजेलला, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलला, लायसोझाइम (जिवाणूंची भिंत फोडणारं विकर) ऑर्थो-नायट्रोबेंझिल या प्रकाशाने तुटणाऱ्या दुव्याने (कार्बामेट बंध, प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर) जोडलंय. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी, १० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी, १० मिनिटं. प्रथिन सुटतं, त्याची अडचण नाही. अंधारात ठेवलेल्या जेलमधून २४ तासांत जवळपास काहीच गळत नाही. पण सुटलेल्या प्रथिनाची सक्रियता मूळच्या निम्मीच भरते.

सक्रियतेचं मोजमाप मायक्रोकोकस जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा किती उतरतो त्यावरून, ४५० नॅनोमीटरला. प्रथिनाचं प्रमाण ब्रॅडफर्ड रंगचाचणीने काढलं. २८० नॅनोमीटरच्या शोषणावर भरवसा नाही, कारण तुटलेला दुवाही तिथे शोषण करतो. प्रकाश दिल्यावर जेल चक्क पिवळं पडतं.

करून पाहिलेलं: नुसतं लायसोझाइम बफरमध्ये तेवढ्याच प्रकाशात ठेवलं, सक्रियता शाबूत. म्हणजे दोष एकट्या प्रकाशाचा नसावा. सुटलेलं द्रावण रात्रभर डायलिसिसला लावलं, फरक शून्य. माझा संशय दुवा तुटताना बनणाऱ्या नायट्रोसो उपपदार्थावर आहे, तो प्रथिनालाच चिकटत असणार. फक्त हे अजून सिद्ध करता आलेलं नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीला नंबर लागायला वेळ आहे.

डीटीटी (डायथायोथ्रिटॉल, डायसल्फाइड तोडणारं क्षपणक) सुचवू नका, लायसोझाइमचे चारही डायसल्फाइड बंध धोक्यात येतील. पुढे याच जेलमध्ये जिवंत पेशी ठेवायच्या आहेत, त्यामुळे जे घालू ते त्यांना सोसलं पाहिजे.

तर हा उपपदार्थ पकडायला ग्लुटाथायोन चालेल, की सेमिकार्बाझाइड? कुणी वापरलं असेल तर किती मिलिमोलर, आणि प्रकाशाआधी जेलमध्ये मुरवलं की फक्त बाहेरच्या बफरमध्ये घातलं?