जिन्याला रंग: हात कुठवर लागतो ते आधी बघा

जिन्याच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, यावर इथे पांढरा की फिकट पिवळा एवढीच चर्चा चाललीय, पण मूळ प्रश्न भिंत दोन वर्षांत काळी का पडते, हा होता ना? जिन्यात हात टेकतात, पिशव्या घासतात. (आमच्याकडे सायकलही वर जाते!) तिथे साधा डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) नकोच, ओल्या फडक्याने पुसला की रंगच फडक्याला येतो.

आम्ही पायरीपासून ४ फुटांपर्यंत धुता येणारं सॅटिन इमल्शन (हलकी चमक असलेला, पाण्यात मिसळणारा रंग) लावलं, त्याच्या वर मॅट, म्हणजे बिनचमकीचं. चकचकीत ऑइलपेंट टिकतो खरा, पण खिडकीचा उजेड आडवा पडला की भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. ४ फुटांची रेघ मात्र जिन्यासारखीच तिरकी हवी. प्रत्येक पायरीच्या कडेपासून उंची मोजून खुणा करायच्या, त्यावरून दोरा ताणून रेघ मारायची. आमच्या रंगाऱ्याने अंदाजाने मारली, ती अजून लाटेसारखी दिसते.

वळणावरची उंच भिंत शिडीवरून करू देऊ नका. पायऱ्यांवर शिडी नीट बसत नाही. मजुरी थोडी वाढली तरी परांची बांधून घ्या. सुरुवात वरून, कठडा सगळ्यात शेवटी. आणि गच्चीकडून ओल येत असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर पुट्टीसकट (रंगाखालच्या लेपासकट) पापुद्रे निघतील.